वाचनालयात नव्यानं नाव घालताय? घरातल्या प्रत्येकासाठी पहिलं पुस्तक असं निवडा

नव्या गावात बदली झाली, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, कुणी निवृत्त झालं, की माणसं वाचनालयात नाव घालायला येतात. फॉर्म भरून होतो, पावती हातात पडते आणि मग कपाटांसमोर उभं राहिल्यावर खरा प्रश्न येतो, आता घ्यायचं काय? मी तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काम करते. हा प्रश्न रोज ऐकते, आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पहिल्या तीन-चार पुस्तकांवरच सभासद टिकतो की गळतो ते ठरतं. नावाजलेली, सहाशे पानांची कादंबरी उचलून नेणारे बरेच जण ती मुदत उलटल्यावर अर्धवट परत आणतात, दंड भरतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की पहिलं पुस्तक संपणारं हवं. थोर नसलं तरी चालेल, पातळ असलं तर उत्तम, पण वाचून पुरं झालं पाहिजे.

आधी सभासदत्वाचं काम

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्यानुसार अनुदान ठरतं. त्यामुळे 'ड' वर्गाच्या गावातल्या वाचनालयात एकच खोली असेल, तर 'अ' वर्गाच्या जिल्हा ग्रंथालयात बालविभाग, संदर्भ विभाग आणि स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका असं सगळं वेगवेगळं असेल. तुमच्या जवळचं वाचनालय कोणत्या वर्गात आहे हे विचारलंत तर तिथे काय मिळेल याचा अंदाज येतो.

नाव घालताना ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत, फोटो, अनामत आणि वर्गणी लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सहीही मागतात. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, तेव्हा तिची पावती वर्गणीच्या पावत्यांत हरवू देऊ नका, वेगळी जपून ठेवा. वर्गणी भरताना तीन गोष्टी विचारून घ्या: एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मासिकं त्यात धरतात की त्यांची वर्गणी निराळी, आणि मुदत फोनवरून वाढवून मिळते का. घरात वाचणारे तिघं-चौघं असतील तर एकाच नावावर भागवू नका. मुलाचं बालविभागात स्वतंत्र नाव घाला. स्वतःच्या नावाचं कार्ड हातात आलं की पुस्तक परत करायची तारीख मूलच आईवडिलांना आठवण करून देतं, हे मी टेबलावरून कायम पाहते.

वर्गणी भरायची नसेल तरी बहुतेक वाचनालयांत वर्तमानपत्रांचा कक्ष सगळ्यांसाठी मोफत असतो. नवीन गावात पहिले काही दिवस तिथे बसून पाहायला काहीच हरकत नाही.

कपाटासमोर उभं राहिल्यावर

पुस्तकं स्वतः कपाटातून काढू देतात का, ते आधी विचारा. काही वाचनालयांत मुक्त प्रवेश असतो, काहींत यादीतून नाव आणि दाखलांक, म्हणजे वाचनालयानं त्या पुस्तकाला दिलेला नोंदणी क्रमांक, चिठ्ठीवर लिहून द्यावा लागतो. मुक्त प्रवेश असेल तर थोडी सवड काढून या. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकं दशांश पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक विषयाला क्रमांक देऊन, लावलेली असतात. मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली येतं आणि पुढचा आकडा प्रकार सांगतो: १ म्हणजे कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. लहान वाचनालयांत कपाटांवर सरळ 'कादंबरी', 'चरित्र', 'प्रवास' अशा पाट्या असतात.

पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांवर फार वेळ घालवू नका. शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद बघा. तिथे शिक्क्यांच्या दोन रांगा भरलेल्या असतील आणि तारखा अलीकडच्या असतील, तर या गावातल्या माणसांनी ते पुस्तक हातोहात नेलेलं आहे. दोन तारखांमध्ये आठ-दहा दिवसांचंच अंतर असेल तर नेणाऱ्यानं ते भराभर वाचून परत केलंय. पाचशे पानी पुस्तकाच्या तारखा तशाच जवळजवळ असतील, तर ते बहुधा न वाचताच परत आलंय. संगणकावर नोंदी करणाऱ्या वाचनालयांत हा कागद आता दिसत नाही, तिथे टेबलावर विचारा. मग पहिलं पान उभ्याउभ्या वाचा आणि मधलं कुठलं तरी एक पान वाचा. मधलं पान वाचून पुढचं उलटावंसं वाटलं तर पुस्तक घ्या.

ग्रंथपालांशी बोलताना 'काहीतरी चांगलं द्या' असं म्हणू नका, त्यावरून कुणालाच काही सुचत नाही. मागच्या वर्षभरात आवडलेला एखादा चित्रपट, मालिका, सहल, वर्तमानपत्रातलं आवडीचं सदर, काहीही सांगा. 'मला गड चढायला आवडतं' एवढं सांगितलंत तरी गो. नी. दांडेकरांच्या कपाटापाशी नेता येतं. जंगलाची ओढ असेल तर मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' काढून देता येतं. आणि न आवडलेलं पुस्तकही सांगा, त्यानं निवड आणखी सोपी होते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' असं एक सूत्र आहे. आम्ही टेबलावर बसतो ते त्यासाठीच, तेव्हा विचारायला संकोच नको.

अगदी लहान मुलांसाठी

वाचता न येणाऱ्या मुलासाठी वाचनालयातून काय न्यायचं, असं पुष्कळ आईवडील विचारतात. त्यांच्यासाठीच तर सगळ्यात आधी न्यायला हवं. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच मिळाला तर तिथून सुरुवात करा. राधाच्या घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे, चित्रंही त्यांचीच. आई, बाबा, आजी, आजोबा आपल्या घरात वावरतात तसेच तिथे वावरतात. एका पानावर वाक्यं थोडी आणि चित्रात बघण्यासारखं भरपूर, त्यामुळे मूल बोट ठेवून विचारत राहतं. तेच पुस्तक सात वेळा वाचायला लागलं तर वाचा, मुदत वाढवून घ्या. याच वयात पान फाटण्याची भीती वाटून बरेच जण पुस्तक नेतच नाहीत. फाटलं तर घरी चिकटपट्टी लावू नका, ती पुढे पिवळी पडते आणि कागद खाते. तसंच आणून द्या, आम्ही नीट चिकटवतो.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्यानं म्हणायला कविता द्या. विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश' पाठ व्हावं म्हणून नव्हे, तर म्हणताना हसू यावं म्हणून न्या. स्वतःचं स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी संगीता बर्वे यांचं 'पियूची वही' छान आहे. एका मुलीची रोजनिशी असल्यामुळे रोज एक-दोन पानं वाचून थांबता येतं, आणि ते वाचून दोन-तीन मुलांनी स्वतःची वही घातल्याचं मला त्यांच्या आयांनी सांगितलं. २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला.

इंग्रजी माध्यमातलं मूल

याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण टेबलावर येणाऱ्या दर दुसऱ्या घरात हीच अडचण असते. मुलाला मराठी बोलता येतं, समजतं, पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. जोडाक्षर आलं की ते थांबतं. मग आईवडील त्याच्या वयाचं पुस्तक नेतात, मूल दोन पानांत कंटाळतं आणि 'याला मराठीची आवडच नाही' असा निकाल लागतो. खरं म्हणजे गोष्ट त्याच्या वयाची असते, पण त्याचा वाचायचा वेग दोन इयत्ता मागे असतो. हे दोन्ही सांभाळायचं तर वाचण्याचं काम वाटून घ्यावं लागतं.

भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घ्या. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला किडकिडीत बनेश फेणे, त्याची सायकल आणि तोंडातून निघणारा 'ट्टॉक!' हा आवाज. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा, घाई न करता. दुसऱ्या प्रकरणात बनेश अडचणीत सापडला की तिथेच पुस्तक मिटून उशाशी ठेवा आणि भाजी चिरायला जा. पुढे काय झालं हे कळायला हवं असेल तर मूल स्वतः पुस्तक उघडतं. आधी चित्रं बघतं, मग संवाद तेवढे वाचतं, मग मधली वाक्यं. अडलेला शब्द विचारला तर अर्थ सांगून मोकळे व्हा, शब्दकोश काढायला लावू नका. एक भाग संपला की दुसरा न्यायला या, मालिका मोठी आहे. मालिकेचा फायदा असा की माणसं तीच असतात, भाषेचा बाज तोच असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापर्यंत वेग आपोआप वाढलेला असतो. याच कारणासाठी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आणि मराठीत आलेल्या सत्यजित राय यांच्या 'फेलूदा'च्या रहस्यकथाही मी सुचवते. भुताखेतांची हौस असलेल्यांना भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' द्या. २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला, त्यामुळे अनेक वाचनालयांनी ते घेतलेलं असेल.

बालभारतीचं 'किशोर' मासिकही विसरू नका. १९७१ पासून ते निघतंय. वाचनालयात त्याचे जुने गठ्ठे असतात, आणि बालभारतीनं जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायलाही ठेवले आहेत. परदेशात किंवा मराठी वाचनालय नसलेल्या शहरात राहणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतात.

चौदा ते अठरा

या वयात वाचणारी मुलं आमच्याकडे कमी होतात. दहावीचा अभ्यास हे कारण सांगितलं जातं, पण दुसरंही एक कारण आहे. बालविभागातली पुस्तकं त्यांना लहान मुलांची वाटतात आणि मोठ्यांच्या विभागात कुठे हात घालावा ते कळत नाही. या दोन्हींच्या मधलं पुस्तक त्यांच्या हातात पडायला हवं. मिलिंद बोकील यांची 'शाळा' अशी आहे. नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ, वर्गातली मुलगी, मित्रांची टोळी. काही पालक मुलांच्या तोंडची भाषा वाचून दचकतात. मी त्यांना सांगते, आधी तुम्ही वाचा, मग ठरवा. बहुतेक जण वाचून झाल्यावर स्वतःच मुलाला देतात.

ज्याला कथा-कादंबरीत रस नाही त्याला वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' द्या. गुलामीत जन्मलेला एक मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि भुईमुगातून काय काय काढून दाखवतो, ही खरी हकिकत आहे. १९८१ पासून हे पुस्तक हातोहात जातंय. विज्ञानाकडे कल असेल तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह न्या. एकेक कथा सुटी असल्यानं परीक्षेच्या दिवसांतही वाचता येते. आणि ज्या मुलाला एकटं राहायला आवडतं, कमी बोलतो, त्याच्यासाठी मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' बाजूला काढून ठेवते. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, कन्नडमिश्रित गाव, आणि त्याच्या मनात सारखं चाललेलं बोलणं. सगळ्यांना ते रुचेल असं नाही, पण ज्याला रुचतं तो लंपनची उरलेली तिन्ही पुस्तकं मागायला परत येतो.

बऱ्याच वर्षांनी वाचायला बसलेल्या मोठ्यांसाठी

नोकरी, संसार यांत वाचन सुटलेल्या माणसाला मी पहिल्यांदा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' देते. १९५५ चं पुस्तक. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, शाळेसाठी पोरं गोळा करणं, तालीम बांधणं आणि मग दुष्काळ. छोटी-छोटी वाक्यं, एकही शब्द जादा नाही. शनिवार-रविवारात संपते. फोनची सवय लागलेल्या डोळ्यांना पुन्हा पानावर ठरायला असंच पुस्तक लागतं.

'मृत्युंजय', 'स्वामी', 'पानिपत' यांबद्दल वेगळं सांगायला नको, ती तुम्हाला ठाऊक आहेतच आणि ती सुखानं वाचा, पण चौथ्या-पाचव्या खेपेला. त्याआधी एखादं आत्मकथन वाचा असं मी सुचवेन. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली, आणि आजही ती शेजारच्या बाईनं ओट्यावर बसून सांगावी इतकी ताजी आहेत. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. ते वाचायला सोपं नाही, पण भाषेमुळे नव्हे, त्यातल्या जगण्यामुळे. ज्यानं ते वाचलेलं नाही त्याला महाराष्ट्राचा मोठा भाग अजून अनोळखी आहे असं मी मानते.

नवं काय वाचावं, हे विचारणाऱ्यांना देविदास सौदागर यांची 'उसवण' सांगते. रेडीमेड कपड्यांमुळे शिवणकाम हातचं जाणाऱ्या शिंप्याची गोष्ट आहे आणि लेखक स्वतः हे काम केलेले आहेत. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. छोटी आहे, तरुणांना लगेच भिडते. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' धरणामुळे उठवल्या गेलेल्या माणसांची आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीची. तिला २०२३ चा अकादमी पुरस्कार आहे. बोली दाट आहे, पहिली वीस पानं सावकाश वाचा, नंतर कान सरावतो. वेगळ्या वाटेचं हवं असेल तर नंदा खरे यांची 'उद्या' बघा, जवळच्याच भविष्यकाळात घडणारी.

अकादमीचे मुख्य, युवा आणि बालसाहित्य असे तिन्ही पुरस्कार दरवर्षी जाहीर होतात. ही यादी फोनमध्ये ठेवली की वाचनालयात नवीन काय मागायचं याची चिंता उरत नाही. पुरस्कार मिळाला म्हणजे तुम्हाला आवडेलच असं मात्र धरून चालू नका.

आजी-आजोबांसाठी

इथे विषयाच्या आधी अक्षराचा आकार बघा. जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक आणि कागद पिवळा असतो. त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आहे का ते विचारा, बऱ्याचदा असते. पुस्तकाचं वजनही बघा. जाडजूड ग्रंथ पडून वाचता येत नाही आणि मनगट दुखतं. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मला या वयासाठी फार आवडतं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर त्यात लेख आहेत. चालू महिन्याचा लेख वाचायचा आणि खिडकीतून किंवा गच्चीवरून ती झाडं, ती फुलं दिसतात का ते बघायचं. पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' बहुतेकांचं वाचून झालेलं असतं, पण पुन्हा मागतात, आणि नातवंडांना वाचून दाखवायला ते उत्तम आहे. डोळ्यांनी साथ सोडली असेल तर घरातल्या कुणीतरी रोज दहा मिनिटं वाचून दाखवावं. 'स्मृतिचित्रे' ऐकायला वाचण्याहून गोड लागतात.

दिवाळीत

मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' पासूनची आहे, आणि नव्या सभासदासाठी हा वर्षातला सगळ्यात चांगला काळ. पुष्कळ वाचनालयं दिवाळी अंकांची योजना काढतात. ठरावीक रक्कम भरली की पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून बदलून मिळतात. सगळे अंक विकत घ्यायचे म्हटले तर खर्च कितीतरी जास्त होतो. योजना जाहीर होताच नाव नोंदवा, कारण गाजलेल्या अंकांवर पहिल्याच आठवड्यात उड्या पडतात. अंक वाचताना ज्या लेखकाची कथा आवडली त्याचं नाव वहीत टिपून ठेवा आणि जानेवारीत त्याचं पुस्तक मागा. आपल्या आवडीचे लेखक सापडण्याची याहून चांगली वाट मला माहीत नाही. मुलांसाठी 'साधना'चा बालकुमार अंक आवर्जून मागा.

हवं ते पुस्तक नसेल तर

पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर नाव राखून ठेवायला सांगा. वाचनालयात नसेलच तर मागणीच्या वहीत लिहा. 'शिवाजी महाराजांवरचं नवीन पुस्तक' असं लिहिलं तर खरेदी करणाऱ्यांना काही कळत नाही. पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशन आणि जमलं तर किंमत लिहा, खाली सभासद क्रमांक टाका. एकाच पुस्तकाची मागणी चार सभासदांनी केली तर ते यादीत वर येतं, म्हणून शेजाऱ्यालाही लिहायला सांगा. मोठ्या शहराच्या जवळ असाल तर तिथलं जुनं ग्रंथालयही पाहून ठेवा: पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. गोव्यात पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज अशी सगळी पुस्तकं एका छताखाली आहेत, आणि त्याची सुरुवात १८३२ ची. छपाईत नसलेली पुस्तकं अशाच ठिकाणी सापडतात, बहुधा तिथेच बसून वाचायच्या अटीवर.

आणि नेलेलं पुस्तक नाही आवडलं तर पन्नास पानांनंतर बिनदिक्कत परत आणा. टेबलावर का आवडलं नाही ते दोन वाक्यांत सांगा. त्यावरून पुढचं पुस्तक काढून देणं आम्हाला सोपं जातं, आणि ज्याला ते आवडेल असा सभासद रांगेत मागेच उभा असतो.